कूलरच्या टाकीत बर्फावरची मासेमारी

बर्फावर बसून मासे धरायला निघालेल्या नवशिक्याने सगळ्यात आधी बर्फाची जाडी तपासावी, असं जाणकार सांगतात. मी सांगतो, सगळ्यात आधी बायकोला विश्वासात घ्यावं. बर्फ तडकला तर माणूस फार तर पाण्यात पडतो. बायको तडकली तर कुठे पडणार?

मी नागपूरचा. सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात झाली, तीही टर्बाइनच्या शेजारी. तिथे बाजूच्या माणसाकडे पाना मागायचा तरी ओरडावं लागायचं. त्यामुळे माझा आवाज एकदा चढला तो उतरलाच नाही, आणि बोलायची हौस तर जन्मापासून होती. निवृत्त झाल्यावर शहरातल्या एका लेआउटमध्ये आम्ही छोटं घर बांधलं. फाटकाशी उभं राहून मी कोणाशी चार शब्द बोललो तर ते मागच्या गल्लीत ऐकू जातात, असं बायकोचं म्हणणं आहे. मागच्या गल्लीचंही तेच म्हणणं आहे.

लेक एकुलती एक, ती कॅनडात. तिथल्याच मुलाशी तिने लग्न केलं. लग्न आम्ही फोनवर पाहिलं आणि अक्षताही फोनवरच टाकल्या. त्या सोफ्याखालून अजून निघतात. जावई गुणी आहे. तिच्या सासूबाई आधीच वारलेल्या, घरी फक्त सासरे. म्हणजे माझे व्याही. त्यांचं गाव एका तळ्याकाठी आहे, आणि ते तळं हिवाळ्यात असं गोठतं की लोक त्यावरून मोटारी नेतात.

एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, येत्या हिवाळ्यात तुम्ही न आई इकडे या. सासरे म्हणून राहिले, तुमाले बर्फावर मासे धराले घेऊन जातो."

मी खूश. लहानपणी कन्हानच्या पुलाखाली कणकेच्या गोळ्या लावून गळ टाकलेला माणूस मी. तिला म्हटलं, "त्यात काय शिकाचं आहे वं? मासा मासाच असते."

"तसं नसते बाबा. मी तुमाले सगळं लिहून पाठवते, नवीन लोकांनी काय काय करायचं ते. अजून एक सांगू? माझे सासरे फार बोलत नाहीत. बर्फावर घंटे न घंटे गप्प बसतात. तुम्ही जरा..."

'जरा' या शब्दानंतर ती जितका वेळ थांबली, तितक्यात मला सगळं समजलं. ही शाळेत होती तेव्हाही पालकसभेत मी बोलायला उभा राहिलो की ही खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागायची. पायात सँडल असली तरी.

मला वाईट वाटलं. राग येईल असं वाटलं होतं, पण नुसतं वाईटच वाटलं. फोन ठेवला आणि मनाशी पक्कं केलं की तिच्या सासऱ्यांसमोर तिला माझी लाज वाटू द्यायची नाही. मासा लागो न लागो, तोंड बंद. तेवढ्यासाठी काय वाटेल तो सराव करू.

आता सराव करायचा तर बर्फ हवा, आणि नागपुरात बर्फ उन्हाळ्यातच मिळतो. तेव्हा एप्रिल लागताच मी कामाला लागलो.

लेकीने लिहिलं होतं की बर्फ चार इंच जाड असल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये, आणि काचेसारखा आरपार दिसणारा बर्फ पक्का, पांढुरका बर्फ कच्चा. हे वाचून मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथली लादी कडेला काचेसारखी असते आणि मध्ये पांढरी. मी मालकाला म्हटलं, मला कडेचा बर्फ द्या.

"रसवंतीले पाहिजे का लग्नाले?"

"मासे धराले."

"मासे ठेवाले म्हणा."

"नाही, धराले."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि लादी पोत्यात भुशासकट बांधताना आपल्या माणसाला म्हणाला, "भाऊले आधी सावलीत बसव गा, पाणी दे."

तळ्याचा प्रश्न मी आधीच सोडवून ठेवला होता. आमचा कूलर मागच्या खिडकीला बाहेरून बसवलेला आहे. लोखंडी, कपाटाएवढा. वर पंखा, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. डास होऊ नयेत म्हणून टाकीत गप्पी मासे सोडलेले. म्हणजे पाणी आहे, मासे आहेत, वरून छप्परही आहे. तिकडे लोक बर्फावर लहानशी झोपडी उभारून आत बसतात म्हणे. मी मागची ताटी काढली, टाकीवर बर्फाची लादी आडवी ठेवली, समोर बादली उपडी मांडली आणि त्यावर बसून डोकं कूलरच्या आत घातलं. झोपडी झाली.

पुढची सूचना कपड्यांची. अंगाला सुती कापड लागू द्यायचं नाही, घामाने ते ओलं होतं आणि मग थंडी वाजते. लोकरीचे थर घालावे, एकावर एक. मी बनियन काढून थेट स्वेटर घातला, त्यावर दुसरा स्वेटर, वर कानटोपी. बायकोने हे पाहिलं आणि काही न विचारता माझ्या खिशात कांदा कोंबला. उन्हाळ्यात मी घराबाहेर पाऊल ठेवलं की ती ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतेच. तिकडच्या सूचनांत कांद्याचा उल्लेख नव्हता, पण काढूनही टाका असं कुठे लिहिलं नव्हतं.

बर्फाला भोक पाडायला तिकडे मोठा गिरमिट असतो. मी सब्बल, म्हणजे पहार, वापरली. पहिल्या घावाला लादीचे दोन तुकडे झाले आणि गप्पी मासे टाकीच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढले. दुसऱ्या लादीला मात्र छान वाटोळं भोक पडलं. भोकात बर्फाचा चुरा साचतो, तो सारखा काढत राहावा लागतो, नाहीतर भोक पुन्हा बुजतं. त्यासाठी झाऱ्यासारखं काहीतरी लागतं, असं लेकीने लिहिलं होतं. झारा घरात होता. त्या दिवशी घरात पुऱ्याही होत्या, आणि तेल तापल्यावर बायको झारा शोधत होती. हा विषय मी वाढवत नाही.

सगळ्यात कठीण सूचना शेवटची होती. गप्प बसा, गळ हळूच वर-खाली हलवा, आणि वाट पाहा.

पहिल्या दिवशी मी गप्प बसलो ते फार तर एक चहा निवेपर्यंत. मग माझ्या नकळत मी गप्पी माशांना मीटर रीडिंगबद्दल काहीतरी सांगत होतो. दुसऱ्या दिवशी बरं चाललं होतं, पण शेजाऱ्याने भिंतीवरून पाहिलं. त्याला काय दिसलं? कूलरमधून बाहेर आलेला, दोन स्वेटर घातलेला अर्धा माणूस.

"काय झालं भाऊ? मोटर जळली का?"

मी बोललो नाही.

"भाऊ? पंप गेला का?"

मी दातओठ खाऊन बसलो. नागपुरात कूलरबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं म्हणजे सरळ सरळ अपमान असतो. तो माणूस रागावून आत गेला आणि आमच्या घरी काय बिनसलंय ते विचारायला त्याने आपल्या बायकोला पाठवलं.

आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की गप्पी मासा गळाला लागणं शक्य नाही, कारण गळ माशापेक्षा मोठा होता. मग मी मासळी बाजारातून जिवंत मरळ आणली. मरळ फार चिवट, पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, म्हणून घमेल्यात वळवळताना विकायला असते. ती टाकीत सोडली, वर बर्फ ठेवला. थंडीने बिचारी एका जागी स्तब्ध झाली. माझ्यापेक्षा तिला गप्प बसणं चांगलं जमत होतं. दुपारी मी ताटी लावून टाकली आणि मरळ आतच राहू दिली.

त्याच दुपारी बायकोची भिशी होती. मला ठाऊक नव्हतं. मी गप्प राहायला लागल्यापासून मला घरात कोणी काही सांगेनासं झालं होतं. बायका आल्या, बायकोने कूलर लावला. पंपाने टाकीतलं पाणी ताट्यांवर चढवलं आणि पंख्याने ते सगळं वैभव हॉलमध्ये सोडलं. गारवा असा की बायकांनी पदर ओढून घेतले, आणि वास असा की त्यांनी तेच पदर नाकाला लावले.

"अहो, कूलरात काय मरून पडलं हाये?" बायको ओरडत मागच्या बाजूला आली.

मी तिथेच बादलीवर बसलो होतो, माझा गप्प बसण्याचा तास चालू होता. मी शपथ मोडली नाही. हातानेच सांगितलं, की काही मेलेलं नाही, चांगली जिवंत आहे. त्यासाठी तळहात वळवून मासा कसा पोहतो ते करून दाखवलं. मागून आलेल्या दोघीतिघींनी हे पाहिलं आणि एकीने किंकाळी फोडली, "अवं बाई, भाऊंले लकवा आला!"

मला आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं. तेही टाकीतलंच. एका बाईचा गुरुवारचा उपास होता. मासळीच्या वाऱ्याने उपास मोडतो का, हे ती जाईपर्यंत प्रत्येकीला विचारत होती.

संध्याकाळी बायको समोर येऊन बसली. "आता बोलता का मी माहेरी जाऊ?"

मी सगळं सांगितलं. लेकीच्या फोनचं, त्या 'जरा'चं, आणि सँडलचंही. ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दांडी वाकलेला जुना झारा आणून माझ्या हातात दिला.

"हा तुमचा. पण माझ्या नव्या झाऱ्याले हात लावाचा नाही."

मे महिन्यात लेकीचा पुन्हा फोन आला. नातेवाइकांसाठी लग्नाचा छोटासा स्वागत समारंभ करायचा म्हणून ती आणि जावई येणार होते, आणि सोबत सासरेही. मला धडकीच भरली. हिवाळ्यापर्यंत वेळ आहे असं धरून मी चाललो होतो. शहरातल्या महाल भागात राहणारे माझे मोठे भाऊ म्हणाले, "मुलीचा बाप हाएस गा तू. त्यांच्यासमोर तोंडाचा पट्टा सोडू नको. मान खाली ठेवाची न हो म्हणाचं." त्यांनी आपल्या मुलींच्या लग्नात तेच केलं होतं. आमच्याकडे मुलीच्या बापाने तसंच वागायचं असतं, आणि ते मला कधीच पटलं नव्हतं. पण या वेळी मी ऐकलं.

व्याही विमानतळावरून बाहेर आले ते उंच, लालबुंद, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत. मी हात जोडले. हसलो. बस्स. गाडीत बोललो नाही, जेवताना बोललो नाही. व्याह्यांनी काही विचारलं तर मान हलवायची आणि पुन्हा हसायचं. स्वागताच्या जेवणात अख्खं खानदान मला बघायला येत होतं, जसा काही नवरदेव मीच. ज्या भावाने तोंड बंद ठेव म्हणून सांगितलं, तोच बायकोला विचारत होता, "याचा घसा बसला का वं? काढा दे त्याले." लेकही अधूनमधून माझ्याकडे रोखून पाहायची. मला वाटलं, खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आईनं मले कूलरचं सांगितलं. मी सासऱ्यांले सांगितलं. त्यांना पाहाचं हाये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण व्याही निघालेच. त्यांनी येताना माझ्यासाठी बर्फावरच्या मासेमारीची छोटी काठी आणली होती, लाटण्यापेक्षा जरा लांब. मी कारखान्यातून लादी आणली, एक मरळ आणली. व्याही कूलरसमोर गुडघ्यावर बसले. हसले नाहीत. त्यांनी बर्फावर बोटाच्या पेराने टकटक केलं, मधल्या पांढऱ्या भागाकडे पाहून नाही म्हणून मान हलवली, आणि कडेच्या स्वच्छ भागावर बोट ठेवलं. मग सब्बल घेतली आणि बेताबेताने असं भोक पाडलं की लादीला एकही चीर गेली नाही. मी झारा पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पहिल्यांदाच हसले.

दोन बादल्या उपड्या मांडल्या. बायकोने येऊन व्याह्यांच्या चड्डीच्या खिशात कांदा ठेवला. हा आमिष म्हणून लावायचा का, असं त्यांनी लेकीला विचारलं. लेक उंबऱ्यावर बसली. आम्ही दोघांनी डोकी कूलरमध्ये घातली, गळ सोडले, आणि गप्प झालो.

ऊन चढत होतं. पाठ भाजत होती, नाक गोठत होतं. बर्फाचं पाणी ओघळून अंगणाच्या नाल्यात जात होतं. मी इतका गप्प होतो की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मनात म्हटलं, बाई गं, बघ एकदा तुझ्या बापाकडे.

मग व्याही भोकाकडे पाहतच काहीतरी म्हणाले. इंग्रजी मला येतं, पण त्यांचं इंग्रजी वेगळंच होतं. ते पुन्हा तेच बोलले.

"काय म्हणतात वं?" मी कुजबुजलो.

"ते विचारून राहिले, तुम्ही त्यांच्यावर रागावले काय?"

"मी? काहून?"

"आल्यापासून तुम्ही त्यांच्यासंग बोलूनच नाही राहिले."

मी डोकं बाहेर काढलं. व्याह्यांनीही काढलं. मग ते बोलायला लागले, थांबत थांबत, एकेक शब्द जपून. लेक सांगत गेली.

"ते म्हणतात, सासूबाई गेल्यावर ते एकटेच बर्फावर बसत. घरी बोलाले कोणी नव्हतं. मग मी आली. पहिल्याच दिवशी त्यांच्यासंग बर्फावर गेली न अंधार पडेपर्यंत बोलतच होती. सगळ्या तुमच्याच गोष्टी."

"मग मासे पळाले असतील."

"बोलण्यानं नाही पळत बाबा. पाय आपटले तर पळतात." ती थांबली, व्याह्यांचं पुढचं ऐकलं आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "ते म्हणतात, एवढं बोलणं येते कुठून ते पाहाले मी इतक्या लांब आलो. न हा माणूस तोंडातून शब्द काढत नाही."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी राग आला, तोही लेकीचा. "मग तू मले गप्प बसाले काहून सांगितलं? लाज वाटते न माझी?"

"लाज?" ती उभीच राहिली. "बाबा, मी तिकडे गेली न, तेव्हा कोणाले काही सांगितलं की समोरचा नुसती मान हलवे. त्याले काही समजत नसे. मी खोलीत येऊन रडे. सासरेही तसेच. मी एवढं बोले, ते फक्त मान हलवत. मले वाटे, यांनाही काही समजून नाही राहिलं. तुमच्या गोष्टीवर कोणी अशी मान हलवली असती, तर मले नसतं पाहवलं."

मी गळ बाजूला ठेवला. महिनाभराचं बोलणं पोटात साठलेलं होतं. व्याही वाट पाहत होते. मी खाकरलो आणि सुरुवात केली कोराडीच्या कॉलनीतून शहरात जाणाऱ्या बसमध्ये शिरलेल्या पांढऱ्या बकरीपासून. कशी ती कोळशाच्या ट्रकला घाबरून आत चढली, कशी वाहकाने तिला खाली उतरवायला शिंगं धरली, आणि कशी ती त्याच्या पिशवीतली तिकिटं खाऊन थेट सदरपर्यंत आमच्यासोबत आली. आवाज आपोआप टर्बाइनच्या पट्टीत गेला. शेजारी भिंतीवरून डोकावला. लेक इंग्रजीत सांगता सांगता दोन वाक्यं मागे पडली.

गोष्ट संपली. व्याह्यांनी मान हलवली. नुसती मान. लेकीने तर डोळेच मिटून घेतले.

मग व्याह्यांनी एक बोट वर केलं आणि तिला काहीतरी विचारलं. तिने खाडकन डोळे उघडले.

"काय म्हणतात?"

"ते म्हणतात, बकरी पांढरी होती? तुमच्या लेकीनं तर मले काळी सांगितली होती."

"पांढरी होती!" मी ओरडलो.

"काळी होती बाबा! मी तुमच्या मांडीवर बसली होती बसमध्ये!"

"तू तेव्हा एवढीशी होती, तुले काय आठवते?"

व्याह्यांनी आपली बादली माझ्या बादलीजवळ ओढली. लेकीने ओढणीने डोळे पुसले आणि खिडकीतून आत हाक मारली, "आई, चहा मांड वं. बाबा सुरू झाले."